पट्ट्यांचा पंचनामा

जुन्या मोटारीला नवा रंग द्यावा असा संकल्प ज्या क्षणी मनुष्याच्या मनात उद्भवतो, त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे केवळ रंगच उभा असतो. त्या रंगाच्या वाटेत ज्या असंख्य चकचकीत पट्ट्या, कड्या, जाळ्या, अक्षरे, मुठी आणि टोप्या त्या मोटारीच्या अंगावर ठिकठिकाणी जडवलेल्या असतात, त्या सर्व आधी उतरवाव्या लागतात आणि नंतर, हे त्याहून भयंकर, पुन्हा जिथल्या तिथे चढवाव्या लागतात, ही गोष्ट त्याच्या ध्यानीमनीही नसते. रंगाचे नमुनापत्रक उन्हात धरून, सावलीत धरून, सासुरवाडीच्या मंडळींना दाखवून महिनाभर खल करणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. परंतु मागच्या दाराची पट्टी कोणत्या टोकाकडून सुटते, या प्रश्नाचा रंग ठरवण्यापूर्वी विचार केलेला गृहस्थ अद्याप माझ्या पाहण्यात नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की, जुन्या मोटारीचे रंगकाम म्हणजे मुळात शोभेचे सामान उतरवण्याचे काम होय. रंग ही त्यानंतरची औपचारिकता आहे आणि ती पार पाडणारी माणसे पुष्कळ मिळतात.

या विषयात दोन पक्ष आहेत. 1907 साली सुरतेस काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले, तेव्हापासून जहाल आणि मवाळ हे दोन पंथ महाराष्ट्राच्या चांगले परिचयाचे झाले. राजकारणातून ते पुढे यथाकाल विरून गेले असले, तरी मोटारी रंगवण्याच्या कारखान्यांत ते आजतागायत पूर्ण तेजाने नांदत आहेत, याची दखल मात्र इतिहासकारांनी घेतलेली दिसत नाही. मवाळांचे म्हणणे असे की, पट्टी जिथे आहे तिथे सुखाने राहू द्यावी. तिच्यावर मास्किंग टेप चिकटवावी, काचांना कालचे वर्तमानपत्र लावावे, रंगाचा फवारा मारावा आणि सायंकाळी टेप सोलून टाकावी, की कार्यभाग उरकला. या पंथात बहुतेक सर्व पेंटर, बहुतेक सर्व घाईतले मालक आणि, मोटार विकायला काढलेली असेल तर, झाडून सारे विक्रेते मोडतात. जहालांचे म्हणणे याच्या नेमके उलट. त्यांच्या मते पट्टीच्या कडेशी रंग संपवणे म्हणजे गंजाला लेखी आमंत्रण देणे होय. कारण टेपेच्या कडेशी रंगाचा एक सूक्ष्म बांध तयार होतो, टेप ओढताना तो कुठे उचलला जातो तर कुठे चिरतो, त्या चिरेतून पावसाचे पाणी केशाकर्षणाने पट्टीमागे शिरते, आणि तिथे ना ऊन पोहोचते ना फडके, त्यामुळे ते पाणी वंशपरंपरेचे वतन मिळाल्याच्या थाटात तिथेच मुक्काम ठोकते. दोन-तीन पावसाळे उलटले की पट्टीच्या कडेकडेने रंगाला फोड येऊ लागतात. मालक ते पेंटरला दाखवतो. पेंटर सांगतो की रंग उत्तम होता, पत्राच वाईट होता. आणि पत्र्याला वाचा नसल्यामुळे खटला एकतर्फी निकालात निघतो.

हा सारा विचार मला सुचला तो आमच्या पेठेतील एका सेवानिवृत्त अव्वल कारकुनांच्या फियाटमुळे. या गृहस्थांनी आपली हयात मामलेदार कचेरीत काढली, आणि पदापेक्षा रुबाब मोठा असल्यामुळे सारी पेठ त्यांना रावसाहेब म्हणते. त्यांच्या तीर्थरूपांनी, नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात, एक फियाट 1100 डिलाइट मिळवली होती. वाचकांपैकी तरुणांना हे नाव अपरिचित वाटेल. पण त्यांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही, कारण तीच गाडी पुढे अल्पकाळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने सर्वतोमुखी झाली. इटलीत या गाडीचे उत्पादन 1966 साली थांबले. आपल्याकडे मात्र वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती त्यानंतरही तीन दशकांहून अधिक काळ बाहेर पडत राहिली. एखादी वस्तू एकदा मंजूर झाली की ती विनाकारण बदलू नये, हे कचेरीचे तत्त्व कुर्ल्यातही मान्य होते असे दिसते. तिच्या आधीची गोल पाठीची फियाट आपल्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखली आणि तेवढ्याच प्रेमाने वापरली. डिलाइटला असे काही टोपणनाव चिकटले नाही. ती सरळ, शालीन आणि काटकसरी वळणाची होती, आणि तिच्या अंगावरचे चकचकीत सामानही त्या मानाने बेताचेच होते. बेताचे म्हणजे किती, हे समजण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे: 1958 सालच्या ब्युइक गाडीच्या नुसत्या पुढच्या जाळीत क्रोमचे 160 चौकोन बसवलेले होते. ती गाडी रंगवण्यापूर्वी ज्या मिस्त्र्याने उघडली असेल, त्याच्या कुटुंबीयांविषयी मला नेहमी सहानुभूती वाटत आली आहे.

रंगकामाचे निमित्त सरकारी होते. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि सांगाडा, बाह्यकाया व इंजिन यांत मूलगामी फेरफार न झालेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून घेण्याचे नियम केंद्र सरकारने 2021 साली काढले. ही वार्ता कळताच रावसाहेबांना सेवानिवृत्तीनंतर प्रथमच जगण्यात अर्थ वाटू लागला, कारण या प्रकरणी एक विहित नमुन्यातील अर्ज होता, सोबत जोडावयाचे कागद होते आणि तपासणी करणारी समितीही होती. त्याच नियमांत असेही म्हटले आहे की, अशा नोंदलेल्या गाडीने रोजच्या कामासाठी रस्त्यावर येऊ नये. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच यावे. ही अट जाचक आहे असे मी म्हणताच रावसाहेबांनी अत्यंत शांतपणे सांगितले, ‘‘पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती, याखेरीज ही गाडी गेली पंधरा वर्षं कुठं गेलीच नाही.’’

समितीपुढे जायचे तर गाडी मूळ रंगात हवी, आणि मूळ रंग कोणता यावर घरात तीन मते होती. रावसाहेबांच्या वडील बंधूंना ती आकाशी निळी आठवत होती, कारण त्यांची मुंज आणि गाडीचे आगमन एकाच वर्षीचे. भगिनींना ती पांढरी आठवत होती. आणि नोंदणीपुस्तकात स्वच्छ अक्षरांत ‘ग्रे’ असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात गाडी मरून होती. ज्या मिस्त्र्याकडे गाडी नेली, तो पंथाने कडवा जहाल. त्याने पुढे होऊन दाराच्या पट्टीवरून बोट फिरवले, कडेचे फोड दाबून पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, खरा रंग पट्टीखाली सापडेल. आणि टेप लावून रंगवायची असेल, तर गाडी बोर्डवाल्याकडे न्या. तोही रंगच लावतो.’’ मिस्त्र्याच्या या एका वाक्यावर रावसाहेबांनी त्याला गाडीचा ताबा दिला. तरी ताबापावती घेतलीच.

पट्टी उतरवणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिलेले नाही त्याला ते स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचे काम वाटते. तो स्क्रू ड्रायव्हर हाच या क्षेत्रातील आद्य गुन्हेगार होय. दाराच्या पट्टीच्या पोटात पोलादी क्लिपा असतात आणि पट्टी त्यांच्यावर दाबून बसवलेली असते. परंतु कित्येक पट्ट्यांच्या टोकाला एक बारीक बोल्ट असतो, तो पत्र्यातून आरपार जातो आणि त्याची चाकी दाराच्या आतल्या बाजूला, कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही अशा ठिकाणी आवळलेली असते. अनभिज्ञ मनुष्य मधूनच पट्टी उचकटतो. क्लिपा सुटतात, पट्टी वर येते, आणि टोकाशी बोल्टने धरून ठेवलेली असल्यामुळे नेमकी तिथे मुडपते. स्टेनलेस स्टीलची पट्टी एकदा मुडपली की ती सुरकुती कितीही ठोकली, घासली, तरी उन्हात तिरप्या नजरेला दिसतेच. तेव्हा योग्य मार्ग असा की, आधी काच चढवण्याचा दांडा काढावा, मग दाराची मूठ काढावी, मग दाराचे पॅड काढावे, मग पोकळीत हात घालून ती चाकी चाचपावी, तिला रॉकेल पाजावे, रात्रभर विचार करायला वेळ द्यावा, सकाळी पाना लावावा, आणि ती फिरली तर इष्टदेवतेचे स्मरण करून बाहेरून लाकडाची पाचर टेपेत गुंडाळून क्लिपेच्या अगदी शेजारी सरकवावी. ज्या कारागिराने कुर्ल्यात ही पट्टी बसवली त्याने ती तळहाताने थाप मारून बसवली असेल. बसवणाऱ्याच्या मनात काढणाऱ्याचा विचार नसतो, आणि या बाबतीत मोटारी व सरकारी समित्या यांत मला फरक आढळलेला नाही.

रावसाहेबांनी या प्रसंगी कचेरीतला अनुभव कारणी लावला. प्रत्येक सुट्या भागाचा रीतसर पंचनामा व्हावा, फेरिस्त तयार व्हावी आणि मुद्देमाल पिशवीबंद करून त्यावर क्रमांक पडावा, असा त्यांनी हुकूम काढला व त्यासाठी लाल बांधणीची एक नोंदवही घेतली. तिच्यात अनुक्रमांक, वर्णन, ठिकाण, स्थिती आणि शेरा असे रकाने होते. जमिनीच्या चतुःसीमा लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द पुराव्याच्या कामी फारच ढिसाळ वाटत. कारण डावे कोणाचे, हा प्रश्न उरतोच. म्हणून त्यांनी ठिकाणाच्या रकान्यात दिशा लिहिल्या. गाडी त्या वेळी पूर्वाभिमुख उभी होती. त्या वहीतील एक नोंद मी उतरून घेतली आहे: ‘‘बाब 7. पट्टी, लांब, चकचकीत. ठिकाण: उत्तर बाजू, पश्चिमेकडील दार. स्थिती: मध्यभागी पोचा. शेरा: सदरहू पोचा पूर्वीचाच असून मिस्त्री यांचा त्याच्याशी संबंध नाही.’’ त्यावर मिस्त्र्याची सही आहे, पंच म्हणून चहावाल्याची सही आहे, आणि मदतनीस तरुणाचीही आहे, ज्याला बावीस वर्षांचा आणि सहा फूट उंच असूनही सारा कारखाना छोटू म्हणत असे.

पट्ट्या निघाल्या आणि इतिहास उघडा पडला. बोटभर रुंदीच्या त्या सरळ रेषेत, जिथे कोणत्याच पेंटरचा हात कधी पोहोचला नव्हता, तिथे एकाखाली एक रंगांचे थर कडेने दिसत होते: वर मरून, त्याखाली पांढरा, त्याखाली निळा, म्हणजे बंधूही खरे आणि भगिनीही खऱ्या, फक्त प्रत्येकाचे खरे वेगवेगळ्या सालचे. प्रत्येक थराची कड निराळ्या ठिकाणी संपत होती. एका पेंटरने टेप पट्टीच्या आत लावली होती, दुसऱ्याने बाहेर, आणि तिसऱ्याने बहुधा लावलीच नव्हती, कारण पट्टीच्या पाठीवरही मरून ठिपके होते. मवाळ पंथाची सारी कारकीर्द तिथे क्रमवार वाचता येत होती. सर्वांत खाली, पट्टीच्या अगदी मधोमध, कारखान्यातला मूळ रंग शाबूत होता. आणि तो निळा नव्हता, पांढरा नव्हता, ग्रेही नव्हता. तो फिकट हिरवट होता.

यावर सर्वजण काही काळ निःशब्द झाले. रावसाहेबांनी प्रथम चष्मा पुसला, मग नोंदणीपुस्तक काढले, मग पुन्हा पट्टीची जागा पाहिली, आणि एकंदर पुराव्याचा साकल्याने विचार करून निर्णय दिला की, दप्तरी ‘ग्रे’ अशी नोंद असल्याने पट्टीखालील हिरवा रंग हा अनधिकृत समजण्यात यावा. मिस्त्र्याने नम्रपणे सुचवले की, त्या काळच्या कारकुनाला तो करडा दिसला असेल, शिवाय पावसाळी दिवस असेल. ‘‘कारकुनाला दिसण्याचा प्रश्नच येत नाही,’’ रावसाहेब म्हणाले, ‘‘कारकून बाहेर जाऊन गाडी बघत नाही.’’ हा साक्षीपुरावा इतका आतल्या गोटातला होता की त्यावर उलटतपासणी शक्य नव्हती. गाडीचा रंग बदलला तर परिवहन कार्यालयाच्या दप्तरी तशी नोंद करून घ्यावी लागते, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पण मूळ रंगच दप्तरात चुकीचा नोंदला गेला असेल, तर कोणी कोणाकडे अर्ज करावा, याविषयी नियम मौन बाळगून आहेत.

आता धातूंविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण जे जे चकाकते ते सर्व क्रोम असा एक लोकभ्रम आहे. वास्तविक एकाच गाडीवर चार-चार निराळे धातू एकसारखे चमकत बसलेले असतात. बंपर लोखंडी, त्यावर निकेलचा आणि निकेलवर क्रोमचा मुलामा. या क्रोमची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी, म्हणजे ज्या तेजावर आपण भाळतो ते केसाच्या जाडीचा शंभरावा भागही भरत नाही. पट्ट्या पुष्कळदा स्टेनलेसच्या. त्यांना मुलामा नसतो, बफवर धरल्या की पुन्हा उजळतात. काही कडा ॲल्युमिनियमच्या. आणि डिकीवरची नावाची अक्षरे, ज्यांना बाजारात सर्वजण मोनोग्राम म्हणतात, ती बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची. हातात जड, स्वभावाने ठिसूळ. या अक्षरांच्या पाठीला बारीक खिळे असतात आणि ते पत्र्याच्या भोकांत घुसून बसलेले असतात. समोरून उचकटले की खिळा भोकातच राहतो आणि अक्षर हातात येते. मागून, डिकीच्या झाकणाच्या पोकळीतून, हलके दाबले तरच दोघे एकत्र बाहेर पडतात. हा भेद न ओळखता सारे सामान एकाच पोत्यात भरून मुलामेवाल्याकडे धाडणारे महाभाग आहेत. जुना मुलामा आणि चिकटा काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे कुंड असते, आणि कॉस्टिक सोड्यात लोखंडाला काही होत नाही, पण ॲल्युमिनियम बुडबुडे सोडत विरघळून जाते. अशा एका मालकाला मुलामेवाल्याने पूर्ण बिल आणि निम्मे सामान परत केल्याचे मी ऐकून आहे. उरलेल्या निम्म्याचा हिशेब मागता त्याला कुंड दाखवण्यात आले.

पुढच्या काचेभोवतीची चकचकीत कड हे प्रकरण तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय व्हावे. ती कड पत्र्यावर बसलेली नसतेच. ती काचेच्या रबराच्या खाचेत बसलेली असते, आणि ते रबर पुण्याच्या ऊन-पावसात पन्नास वर्षे उभे राहून असे झालेले असते की त्याला रबर म्हणणे हा केवळ उपचार. साबणाचे पाणी, संयम आणि बोथट हत्यार, एवढीच सामग्री. कड निघाली की रबर कापून टाकावे, काच दोघांनी धरून उचलावी, आणि नवे रबर आल्यावर त्याच्या खाचेत सुतळी भरून, काच बाहेरून दाबत आतून ती सुतळी हळूहळू ओढावी, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप पालथा होतो. हे काम मिस्त्र्याने स्वतः केले आणि त्या वेळात कोणालाही बोलू दिले नाही. रावसाहेबांनाही नाही.

रावसाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, या सर्व घडामोडींत नव्हत्या असे नाही. त्यांनी कन्याशाळेत गणित शिकवले, त्यामुळे पुरुषांच्या उत्साहाकडे त्या पूर्वीपासून उत्तरपत्रिका तपासण्याच्या दृष्टीने पाहतात. त्यांनी केस वाळवण्याचे यंत्र आणून दिले, कारण कुण्या पूर्वीच्या दुरुस्तीवाल्याने दोन मोनोग्राम खिळे तुटल्यावर डिंकासारख्या कशाने तरी चिकटवले होते. ते यंत्राने कोमट करून, मागून दात साफ करण्याचा दोरा करवतीसारखा ओढला की अलगद सुटतात, आणि पत्र्याला ओरखडा उठत नाही. दुसरे असे की, फ्रिजचे जुने खोके फोडून त्याचा पुठ्ठा त्यांनी दारावर धरला, पट्टीच्या जागेतील प्रत्येक भोक पेन्सिलीने त्यावर उतरवले, दाराच्या कडेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहिले, जो स्क्रू ज्या भोकाचा तो तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवला, आणि वर ठळक अक्षरांत लिहिले: ‘चालकाच्या आसनावर बसून डावे’. रावसाहेबांनी ते पाहून, नोंदवही असताना ही समांतर व्यवस्था कशाला, असे विचारले. ‘‘असू दे,’’ वहिनी म्हणाल्या.

पुढे काय झाले ते सुज्ञ वाचकाने ओळखले असेलच. प्रायमर मारण्यापूर्वी उजेड चांगला मिळावा म्हणून मिस्त्र्याने गाडी फिरवून पश्चिमाभिमुख उभी केली. दिशा जागच्या जागी राहिल्या. गाडीची उत्तर बाजू मात्र दक्षिणेला गेली, आणि नोंदवहीतील ‘उत्तर बाजू, पश्चिमेकडील दार’ हे मागच्या डाव्या दाराऐवजी पुढचे उजवे दार झाले. एवढे कमी होते म्हणून की काय, मिस्त्री भाच्याच्या लग्नाला गावी गेला असताना छोटूने, आपण किती काम करतो हे त्याला परत आल्यावर दिसावे अशा सद्हेतूने, गाडीच्या अंगावरील यच्चयावत भोके लांबी भरून बुजवली, वॉटर पेपरने गुळगुळीत घासली आणि प्रायमर चढवून टाकला. त्या भोकांत गंजाचीही भोके होती आणि क्लिपांचीही होती. छोटूने उच्चनीच असा भेद केला नाही. मिस्त्री परतला तेव्हा चारही दारे आरशासारखी सपाट होती आणि पट्ट्या कुठे लावायच्या याचा ठावठिकाणा पृथ्वीतलावर उरला नव्हता. नोंदवही उघडण्यात आली. तिने सर्वांना विरुद्ध दाराकडे पाठवले. शेवटी वहिनींचा पुठ्ठा आला, दारावर टेकवला गेला, आणि पेन्सिलीच्या खुणांवर बारीक ड्रिल चालवून एकूणएक भोके पुन्हा पाडली गेली. या कामी नोंदवहीचाही उपयोग झाला असे रावसाहेबांचे म्हणणे आहे. पुठ्ठा सरळ धरण्यासाठी ती खाली टेकण म्हणून लावली होती, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

रंग अखेर फिकट हिरवटच दिला. पूर्वी ज्याला ड्यूको म्हणत ते द्रव्य आता क्वचितच कोणी वापरतो. हल्लीचे रंग निराळे असतात, मिश्रण करून मारतात आणि भट्टीत वाळवतात. पण मिस्त्री त्यालाही ड्यूकोच म्हणतो आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. रंगाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो चांगला झाला. अर्जात मात्र रावसाहेबांनी रंगाच्या रकान्यापुढे ‘ग्रे (हिरवट दिसणारा)’ असे लिहिले असून, हा शब्दप्रयोग तडजोडीचा उत्तम नमुना आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एक अडचण मात्र राहिली आहे. पट्ट्या चढवताना असे उघडकीस आले की, बाब 7 ची पट्टी, जिच्या पोच्याविषयी एवढा काटेकोर शेरा आहे, ती मुळात या गाडीची नाहीच. कुण्या पूर्वीच्या दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दाराची पट्टी करवतीने कापून तिथे बसवली होती, आणि ती पुढील टोकाला चार बोटे कमी पडते. एके काळी अशी पट्टी नाना पेठेत किंवा मुंबईस ऑपेरा हाऊसच्या बाजूला मागितली की मिळे, कारण मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच वळणाच्या होत्या आणि त्यांतली एखादी रोज कुठेतरी मोडीत निघे. पण नव्या पद्मिनी निघणे बंद झाले, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. भंगाराचा झराच आटला. नवी पट्टी घडवून देणारे कारागीर आहेत, त्यांचे काम सुबकही असते. परंतु समितीने विचारले तर ती मूळची आहे असे सांगावे लागेल, आणि रावसाहेब खोटे बोलत नाहीत, फक्त लिहितात.

तेव्हा माझी वाचकांना विनंती अशी की, आपल्या वाड्याच्या माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला किंवा काकांच्या बंद गॅरेजमध्ये फियाट 1100 डिलाइटच्या मागच्या डाव्या दाराची पट्टी पडून असेल, तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर टाकू नये व या नियतकालिकाच्या पत्त्यावर कळवावे. पोचा असला तरी चालेल. टोकाचा बोल्ट शाबूत असावा. डावे म्हणजे चालकाच्या आसनावर बसून डावे. कृपया दिशा कळवू नयेत.